शिवांशच्या घरी सांगायचं राहिलं

शुक्रवारी शेवटची घंटा होऊन वर्ग रिकामे झाले, की तनुजा संगीताच्या खोलीचं दार लोटून घ्यायची, पंखा बंद करायची आणि फोन तोंडाजवळ धरून पालकांशी बोलायची. पालक समोर नसायचेच. कुणी मुरूडच्या बाजारात, कुणी शेतात, कुणी एसटीत, कुणी चुलीपुढं. तिचा निरोप त्यांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ऐकू यायचा. समूहगानाचं कुठलं कडवं बसलं, ताल कुणाचा सुटत होता आणि आता सुटत नाही, पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर सराव कधी आहे आणि लेकरं घरी कधी पोचतील, सगळं ती सावकाश सांगायची. शेवटी मुलांनी म्हटलेल्या गाण्याचा एखादा तुकडा जोडून द्यायची.

आधी ती लिहून पाठवायची, तेही मुख्याध्यापक श्रीशैल सरांच्या भाषेत. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' इथून सुरुवात. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचा दिवस बदलला, तेव्हाही असंच रीतसर कळवलं होतं. तरी काही आया ठेवणीतल्या साड्या नेसून जुन्याच दिवशी शाळेच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यात सिंधुताई होती. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून देणारी, नवरा एसटीत कंडक्टर. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, मशीनवर बसलं की माझे हात बी गुंतलेले आन् डोळे बी. कान तेवढे रिकामे असतात. तुम्ही बोलून का पाठवत न्हाई?"

तेव्हापासून तनुजा बोलून पाठवायला लागली. ती मूळची भोकरची, लग्न होऊन लातूरजवळच्या मुरूडला आलेली, आणि गावात तिला ओळखणारे बरेच जण आता तिच्या आवाजानं ओळखायचे. भाजी घेताना एखादी बाई मागून म्हणायची, "शुक्रवारच्या मॅडम ना तुम्ही?"

समूहगानात पुष्कळ मुलं होती, पण सगळ्या बाजाराला ठाऊक होता तो एकटा शिवांश. आठवीतला, हडकुळा, बोलताना खाली बघणारा पोरगा. गायला लागला की मान वर व्हायची. त्याचा आवाज उंच आणि बारीक, आणि वर जाताना कुठं अडखळायचा नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं गाण्याची पहिली ओळ त्यानं एकट्यानं म्हटली, तेव्हा फाटकाबाहेर मोटारसायकली थांबल्या होत्या. त्याचे वडील महांतेशअप्पा यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांनी ती ओळ फोनमध्ये भरून घेतली आणि फोनची रिंग म्हणून लावली. दुकानात फोन वाजला की अप्पा तो लगेच उचलायचे नाहीत. गिऱ्हाईकसुद्धा हातातला डबा तसाच धरून थांबायचं.

यंदा नांदेडच्या एका संस्थेनं जानेवारीत शाळांची समूहगान स्पर्धा ठेवली आणि मुरूडच्या शाळेची त्यात निवड झाली. गाण्याच्या सुरुवातीला पेटी नाही, तबला नाही. पहिल्या दोन ओळी शिवांश एकटा म्हणणार आणि मग सगळी मुलं उचलून धरणार, असं तनुजानं बसवलं होतं. तसं तिनं एका शुक्रवारी सांगितलंही. अप्पांनी त्याच संध्याकाळी उदगीरला भावाला फोन केला, मुखेडला बहिणीला केला. भाऊ म्हणाला, गाडी करून येतो, अव्वालाही आणतो. अव्वा म्हणजे अप्पांची आई शिवम्मा. ती उदगीरला धाकट्या मुलाकडं राहायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच सरावाला ते घडलं. शिवांशनं पहिली ओळ उचलली, वरच्या सुरावर गेला आणि तिथं आवाज मधोमध चिरला. अर्धा वर राहिला, अर्धा धपकन खाली पडला. मुलं हसली, शिवांशही हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदा मात्र त्यानं तोंडच उघडलं नाही.

तनुजाच्या ध्यानात आलं. पोराचा कंठ फुटत होता. तिनं पट्टी खाली आणून बघितली, तर मुलींना खालचे सूर लागेनात आणि शिवांशचा आवाज तिथंही घसरायचा. सराव संपला, मुलं दप्तरं उचलून गेली. शिवांश तबल्याची चादर नीट करत मागं थांबला.

"मॅडम, घरी सांगू नका."

"का रे?"

"पप्पांनी लई जणांला सांगून ठेवलंय. उदगीरहून काका गाडी करून येणार हायत. अव्वा बी येणार हाय."

"अरे, हे काही आजारपण नाही. तुझ्या वयात सगळ्याच मुलांचं होतं. घरी कळलं तर काय होईल?"

तो चादरीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घालत राहिला. "होईल नीट. मी रोज गरम पाणी पिऊन राहिलो. आठ दिवस थांबा."

"बरं," तनुजा म्हणाली. "आठ दिवस थांबू."

त्या वेळी तिला वाटलं, आपण लेकराला सवड दिली. सवड तिला स्वतःलाही हवी होती, हे तिला नंतर उमगलं. भांड्यांच्या दुकानात जाऊन अप्पांना हे कुठल्या शब्दांत सांगायचं, तिला सुचत नव्हतं.

तिनं श्रीशैल सरांच्या कानावर घातलं. सर माणूस भला, पण फोनला फार भिणारे. ते म्हणाले, "जे ठरलंय तेवढंच कळवा, मॅडम. न ठरलेलं कळवलं की फोनवर फोन येतात. पोराचा आवाज आठवडाभरात सुधरला, तर उगीच बोभाटा."

त्या शुक्रवारी तनुजा फोनमध्ये म्हणाली, "समूहगानाचा सराव चांगला चालला आहे. सुरुवातीच्या ओळींवर सध्या जास्त मेहनत घेतो आहोत." पाठवण्याआधी तिनं ते ऐकलं. एकही शब्द खोटा नव्हता. तरी तिनं ते पुसलं, पुन्हा बोलायला बसली आणि पुन्हा तेच बोलून पाठवून दिलं. थोड्या वेळानं अप्पांचे जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल आलं.

आवाज काही सुधारला नाही. सुधारणारही नव्हता. स्पर्धा जवळ येत होती, म्हणून तनुजानं पहिल्या ओळी मनिषाला म्हणायला लावल्या. मनिषा सिंधुताईची मुलगी, सातवीतली, दुसऱ्या रांगेत उभी राहणारी. तिचा आवाज शिवांशसारखा झळाळता नव्हता, पण स्थिर होता. जिथं ठेवला तिथं राहायचा. पहिल्या दिवशी ती ओळीच्या मध्येच श्वासाला कमी पडली. तबल्याजवळ बसलेला शिवांश हळूच म्हणाला, "तिथं नको घेऊ श्वास. त्याच्या आधीच्या शब्दाला घे, मग पुरतो." तिनं तसं केलं आणि पुरला. मग रोजच तो तिला काही ना काही सांगायला लागला. तनुजाला वाटलं, मुलांनी आपापसांत मिटवलं, बरं झालं.

शुक्रवारच्या निरोपात मात्र मनिषाचं नाव आलं नाही. ते घेतलं असतं, तर शिवांशचं सांगावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सिंधुताई शाळेत आली. काखेत शिवलेल्या कपड्यांची पिशवी. खोलीच्या दारातच थांबली.

"मॅडम, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"या की आत, बसा."

ती बसली नाही. "मनिषा घरी म्हणून राहिली, नांदेडला पहिल्यांदा तीच एकटी म्हणणार. आम्हाला लई आनंद झाला. तिचे पप्पा ड्युटीवरून आले आन् तुमचे सगळे निरोप पुन्यांदा ऐकले. त्यात तसं काहीच न्हाई. आन् गावात तर समद्यांला ठाऊक हाय की अप्पाचा शिवांश म्हणणार. आता कुणाचं धरावं? मी पोरीला बोलले, खोटं बोलायची सवय लागली म्हणून. दोन दिवस तिच्याशी धड बोलले न्हाई. काल ताटावर रडून राहिली. म्हणलं, मॅडमलाच विचारावं. ती खोटं बोलते का?"

तनुजा पेटीवरून उठली. "नाही. ती खरंच बोलते. पहिल्या ओळी तीच म्हणणार आहे. मीच तुम्हाला कळवलं नाही, सिंधुताई. चूक माझी आहे."

सिंधुताईनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पोरगी खरी निघाली याचा आनंद आणि तिला बोलल्याचं वाईट, दोन्ही तिच्या तोंडावर एकदमच आले. मग तिला सुचलं. "मग अप्पाच्या घरी?"

"तिथंही नाही सांगितलं. शिवांशचा आवाज बदलायला लागलाय. त्याला आता वरचं गाता येत नाही."

"आता गं बाई," सिंधुताई हळूच म्हणाली. "म्हणून का ते. शिवांशच्या आईचं, दामिनीताईचं ब्लाऊज द्यायला सकाळी गेले होते. दुकान बंद. शेजारचा म्हणला, लेकराला घेऊन लातूरला गेलेत दवाखान्यात. घशाला काही तरी झालंय म्हणून. घरी ज्येष्ठमध दिलं, हळद दिली, फरक पडंना म्हणे."

ती गेल्यावर पुढच्या तासाची मुलं आली. तनुजानं त्यांना शिकवलेलंच गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं आणि स्वतः नुसता पेटीचा भाता ओढत राहिली. आज शिवांश वर्गात दिसला नव्हता, हे तिला आत्ता आठवलं. लेकराला धडधाकट असताना दवाखान्यात बसवलं होतं, आणि कशासाठी बसवलं हे आईबापांनाही ठाऊक नव्हतं. दुसरीकडं एक मुलगी खरं बोलून खोटी ठरली होती.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सरळ बाजारात गेली. भांड्यांचं दुकान उघडलं होतं. दामिनीताई गल्ल्यावर बसल्या होत्या, अप्पा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवत होते. आतल्या बाजूला शिवांश ताटल्यांची चळत लावत होता. तनुजाला बघताच त्याचे हात थांबले.

"या मॅडम, या," अप्पा म्हणाले. "आताच तुमचं नाव निघालं होतं. लातूरला जाऊन आलो. डॉक्टरनं घसा बघितला आन् हसला. म्हणला, अप्पा, तुमचं पोरगं मोठं व्हायलंय, दुसरं काही न्हाई. औषध बी दिलं न्हाई. वर मलाच विचारलं, शाळेत कुणी बोललं न्हाई का. मी म्हणलो, आमच्या शाळेतून दर शुक्रवारी सगळं कळतं. काही असतं तर मॅडम बोलल्याच असत्या."

म्हातारा पातेलं घेऊन गेला. तनुजाला बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही.

"अप्पा, मला ठाऊक होतं."

अप्पांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच कळलं होतं. तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. पहिल्या ओळी आता मनिषा म्हणते, सिंधुताईंची."

"दिवाळीपासून," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता, तर तनुजाला सोपं गेलं असतं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक, वर्गाला ठाऊक, लेकराला ठाऊक. बापच तेवढा गावभर सांगत फिरून राहिला."

शिवांशनं गळ घातली होती, हे तनुजाच्या तोंडाशी आलं होतं, पण ते पुढं करणं तिला बरं वाटलं नाही. तेवढ्यात आतून ताटल्यांमागून आवाज आला. अर्धा जाड, अर्धा बारीक.

"मीच म्हणलो होतो मॅडमला. सांगू नका म्हणून."

दामिनीताईंनी मागं वळून पाहिलं. अप्पा काही बोलणार, तोच गल्ल्यावर ठेवलेला फोन वाजला. पंधरा ऑगस्टचा तो उंच, निर्मळ आवाज भांड्यांच्या दुकानात भरून राहिला. कुणी हललं नाही. शिवांश ताटलीकडं बघत होता. ओळ संपली, पुन्हा सुरू झाली.

"घ्या की फोन," दामिनीताई हळू म्हणाल्या.

"उदगीरचा हाय." अप्पांनी तो वाजू दिला. वाजून थांबला, मग त्यांनीच परत लावला आणि सगळ्यांसमोर भावाशी बोलले. "हाव. न्हाई रे, घशाला काही न्हाई. शिवांशचा कंठ फुटलाय. यंदा पहिली ओळ दुसरं लेकरू म्हणणार हाय. आपल्या लिंबाजी कंडक्टरची पोरगी. हाव, चांगली म्हणते म्हणे. आम्ही तर जाणार. तुमचं तुम्ही बघा." थोडा वेळ ऐकून घेतलं. "बरं. बरं, पुढच्या साली या." फोन ठेवून ते दामिनीताईंना म्हणाले, "गाडी रद्द म्हणला."

मग बराच वेळ त्यांनी एकाच वाटीला फडकं मारलं.

"तो आवाज परत येतो का, मॅडम?"

"तो नाही येत, अप्पा. दुसरा येतो. काही मुलांचा लवकर बसतो, काहींना वर्ष लागतं. तोवर ओढून-ताणून गायला लावलं नाही, तर चांगला बसतो."

"माझा बी फुटला असंल की कधीतरी," अप्पा म्हणाले. "कधी फुटला, मला आठवत बी न्हाई. कुणी ध्यानच दिलं न्हाई." ते पहिल्यांदा थोडे हसले, आणि लगेच पुन्हा गंभीर झाले. "मॅडम, एक बोलू का? लेकरू भिऊन गप्प बसलं, ते लेकरू हाय. तुम्ही गप्प बसायचं न्हाई. मला वाईट वाटलं असतं, पण वाटू द्यायचं होतं."

"खरं आहे," तनुजा म्हणाली.

"मग आता ह्यानं नांदेडला यायचं का न्हाई?"

"यायचं. आमच्या समूहात सगळे आवाज वरचेच आहेत. खालचा सा धरून ठेवणारं कुणीच नाही. शिवांशला तो आता लागतो, मी ऐकलंय. त्याला वाटलं तर मागच्या रांगेत उभं राहून त्यानं तेवढा सूर धरावा. नको वाटलं तर नको."

शिवांश पुन्हा ताटल्या लावायला लागला. दामिनीताईंनी चहा मागवला. तनुजा तो पिऊन घरी गेली.

शुक्रवारी बोलायच्या आधी तिनं दोन्ही घरी फोन करून विचारलं, असं असं सांगू का. अप्पा म्हणाले, सांगा, आता काय राहिलंय. सिंधुताई म्हणाली, सांगाच, माझ्या जावेला बी ऐकू द्या. मग तनुजानं दार लोटलं आणि सगळं सरळ सांगितलं. शिवांशचा कंठ फुटतो आहे, तो आजारी नाही, पहिल्या ओळी मनिषा म्हणेल, आणि हे उशिरा कळवल्याबद्दल माफ करा. आठवीच्या मुलांच्या आयांना तिनं सांगितलं, घरात लेकराचा आवाज घोगरा झाला, तर हसू नका आणि गायचा आग्रहही करू नका. मला फक्त कळवा.

श्रीशैल सरांचं म्हणणं खरं ठरलं. फोन आलेच. पण भांडायला कुणी केला नाही. एक आई म्हणाली, आमचा बी महिनाभर बोलत न्हाई, आम्हाला वाटलं रुसलाय. एका वडिलांनी निरोपात आपल्या पोराचं बोलणं भरून पाठवलं आणि विचारलं, हे तसलंच हाय का. तनुजानं वर्गात नीट बघितलं, तेव्हा तिला कळलं की मागच्या रांगेतली आणखी काही मुलं कितीतरी दिवस नुसते ओठ हलवत होती. तिनं त्यांना बाजूला घेतलं आणि ज्याला जो सूर सहज लागेल तो शोधून दिला. सोमवारच्या सरावाला शिवांश उशिरा आला, तबल्याजवळ न बसता त्या मुलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तनुजानं पेटीवर सा दिला. त्यानं तो धरला.

नांदेडला जायच्या दिवशी बस अंधार सरता सरता निघाली. मुलांसोबत बरेच पालक होते. सिंधुताईनं सगळ्यांना पुरतील एवढे धपाटे बांधून आणले होते. लिंबाजीनं सुट्टी काढली होती, तरी त्याला सीटवर बसवेना. अहमदपूरला मुलं चहा-बिस्किटाला उतरली, तेव्हा दारात उभं राहून तो माणसं मोजत होता. अप्पा आणि दामिनीताई मधल्या सीटवर होते. लोहा गेल्यावर मनिषाला गाडी लागली. अप्पांनी खिशातून लिंबू काढून तिच्या हातात दिलं. "हुंग," म्हणाले. "आन् खिडकीकडं बस. भ्यायचं न्हाई. तुझं ऐकायला आलोत आम्ही."

सभागृह मोठं होतं, पंखे फार आवाज करत होते. मुरूडची पाळी आली. मनिषा पुढं आली, फ्रॉकच्या बाजूला हात घट्ट धरून उभी राहिली. तनुजानं सूर दिला आणि हात पेटीवरून काढून घेतले. मनिषानं पहिली ओळ म्हटली. थोडी घाईत म्हटली, पण सूर सुटला नाही. दुसऱ्या ओळीआधी तिनं शिवांशनं दाखवला होता तिथंच श्वास घेतला. मग सगळ्या मुलांनी गाणं उचललं, आणि त्यांच्या पायाशी मागच्या रांगेतला खालचा सा पसरला. वर्गात तनुजानं तो कितीदा ऐकला होता, पण इथं, एवढ्या मोठ्या जागेत, तो तिला पहिल्यांदा पुरता ऐकू आला. तिसऱ्या कडव्यात डावीकडच्या मुलांनी ताल पळवला. तो तिनं डोळ्यांनीच आवरला.

पहिला नंबर परभणीच्या एका शाळेचा आला. मुरूडला उत्तेजनार्थ मिळालं. मुलं थोडी हिरमुसली आणि ढाल हातात आल्यावर ती कुणी धरायची यावरून भांडायला लागली, तेव्हा तनुजाला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर अप्पा तिच्याजवळ आले. "मी लई कान देऊन ऐकलं, मॅडम. मला त्याचा आवाज वेगळा काढताच आला न्हाई."

"वेगळा निघाला असता, तर त्याचं चुकलं असतं."

अप्पांनी त्यावर विचार केला. "आसं," म्हणाले. मग चालताना त्यांचा हात शिवांशच्या खांद्यावर होता.

परतीला निघण्याआधी सगळे गुरुद्वाऱ्यात गेले. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले, पाय धुतले, दर्शन घेतलं आणि लंगरमध्ये रांगेनं मांडी घालून बसली. गरम डाळ आली, रोट्या आल्या. सकाळपासून पोटात काही नसलेल्या मनिषानं इतक्या रोट्या घेतल्या, की सिंधुताईनं तिचा हात धरला. तनुजा मुलांच्या ओळीतच जेवायला बसली. तिच्या एका बाजूला दामिनीताई होत्या. त्या जेवता जेवता म्हणाल्या, "घरी आता बोलायला लागलाय. मधी लई दिवस नुसती मान हलवायचा." आणि पुन्हा जेवायला लागल्या.

जेवण झाल्यावर मुलं बाहेर मोकळ्या आवारात आली. ऊन उतरलं होतं, फरशी गार झाली होती. अप्पांचा फोन वाजला, उदगीरहून. त्यांनी तो उचलला आणि न बोलताच शिवांशच्या हातात दिला.

"हॅलो," शिवांश म्हणाला.

पलीकडून अव्वाचं बोलणं जवळ उभ्या असलेल्यांनाही ऐकू येत होतं. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. "महांतेश, झालं का रे लेकराचं गाणं?"

"अव्वा, मी शिवांश."

"कोण?"

"शिवांश हाय, अव्वा."

मग अव्वा म्हणाली, "मला वाटलं, तुझा बापच बोलून राहिला. अगदी तस्साच." अप्पा दुसरीकडं बघायला लागले. "मला यायचं होतं रे. गाडी रद्द केली ह्यांनी. तू काय म्हणलास ते म्हणून दाखव बरं."

शिवांशनं एकदा तनुजाकडं पाहिलं. त्यानं फोन तोंडाजवळ धरला, डोळे मिटले आणि खालचा सा लावला. नुसता एक सूर, शब्द नाही, ओळ नाही. श्वास संपला तसा थांबला.

"एवढंच?" अव्वानं विचारलं.

"एवढंच, अव्वा."

"बरं. मग जरा लांबव की."

त्यानं पुन्हा श्वास घेतला.